ल्युपस आणि मूत्रपिंडे : रक्तातल्या आकड्यांवर किती विसंबावे?

ल्युपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. पेशीकेंद्रातील घटकांविरुद्ध तिने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात फिरू लागतात आणि त्वचा, सांधे, रक्तपेशी, मूत्रपिंडे यांपैकी काहीही त्यांच्या तडाख्यात सापडू शकते. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना हा आजार ऐन उमेदीत गाठतो. मूत्रपिंडांचा दाह, म्हणजे ल्युपस नेफ्रायटिस, हा त्यातला सर्वांत धास्तीचा भाग, कारण तो सुरुवातीला मुळीच दुखत नाही. या महिन्यातली बरीच पत्रे रक्ताच्या अहवालातील आकड्यांबद्दल होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

माझी पत्नी ३१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला ल्युपस नेफ्रायटिस झाला. बायॉप्सीत, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, दाहाचा चौथा वर्ग आला होता. सध्या मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे आणि प्रकृती उत्तम आहे. मात्र गेल्या दोन तपासण्यांत अँटी-डीएसडीएनए ६२ वरून १९० वर गेला आणि सी३ ९४ वरून ७१ वर उतरला. लघवीत काहीच दोष नाही. आमचे डॉक्टर म्हणतात की औषध वाढवायचे नाही, महिन्याने पुन्हा लघवी तपासू. नात्यातील एक डॉक्टर म्हणतात की ताबडतोब स्टिरॉइड वाढवा, नाहीतर किडनी जाईल. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, नाशिक

ऐकावे आपल्या डॉक्टरांचेच. फक्त पुढची लघवीची तपासणी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी करता येईल का, एवढे त्यांना जरूर विचारावे. नात्यातील डॉक्टरांची भीतीही निराधार नाही, आणि ती कुठून आली हे समजले तर आपला पुढचा महिना थोडा सुसह्य होईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अँटी-डीएसडीएनए म्हणजे दुपेडी डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे. ल्युपसच्या रुग्णांत ती १९५७ मध्ये प्रथम नोंदली गेली. त्यानंतरच्या दहा वर्षांत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हेन्री कुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसने दगावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांतून हीच प्रतिपिंडे धुऊन वेगळी काढली, तेव्हा ती तिथे रक्तापेक्षा अधिक दाटीने साठलेली आढळली. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रतिपिंडे यांचे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. ते अडकले की कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातील प्रथिनांची साखळी पेटते, दाह सुरू होतो, आणि त्या साखळीतील सी३ व सी४ ही प्रथिने खर्ची पडल्यामुळे रक्तात कमी दिसू लागतात. प्रतिपिंड वर आणि सी३ खाली, ही जोडी डॉक्टरांना अस्वस्थ करते ती यामुळे.

ही जोडी आजाराच्या उसळीच्या, म्हणजे फ्लेअरच्या, आधी दिसते का, हे १९९० मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नीट तपासले गेले. तिथल्या डॉक्टरांनी ७२ रुग्णांचे रक्त दरमहा घेतले आणि अनेकांत उसळीच्या आधी काही आठवडे अँटी-डीएसडीएनए चढत गेल्याचे दाखवले. मग त्याच गटाने पुढचा तर्कशुद्ध प्रयोग केला: आकडा चढताच, लक्षणांची वाट न पाहता, निम्म्या रुग्णांना स्टिरॉइड वाढवून दिले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वाढीव औषध मिळालेल्यांना उसळ्या पुष्कळच कमी आल्या. अमेरिकेत २००६ मध्ये असाच आणखी एक प्रयोग झाला. प्रकृती स्थिर पण रक्तातील खुणा बिघडलेल्या ४१ रुग्णांपैकी २१ जणांना महिनाभर उतरत्या मात्रेत प्रेडनिसोन दिले आणि २० जणांना नुसत्या पोकळ, म्हणजे औषध नसलेल्या, गोळ्या. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत सहा जणांना तीव्र उसळी आली, औषध घेणाऱ्यांत एकालाही नाही. आपल्या नातलगांच्या सल्ल्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पण तोच आकडा उलट बाजूने वाचून पाहावा. पोकळ गोळ्या घेणाऱ्या २० जणांपैकी १४ जणांना, रक्तातील खुणा बिघडलेल्या असूनही, तीव्र उसळी आली नाही. केवळ कागदावरील आकड्यासाठी औषध वाढवायचे ठरवले तर या चौदा जणांनाही ते विनाकारण घ्यावे लागले असते, आणि ल्युपससारख्या वर्षानुवर्षांच्या आजारात असा प्रसंग एकदाच येत नाही. प्रत्येक चढउताराला स्टिरॉइड वाढवत गेलेल्या रुग्णाचे दहा वर्षांनी काय होते, ते मला पत्रातून नव्हे तर बाह्यरुग्ण विभागात दिसते: ठिसूळ झालेली हाडे, खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटल्याने लंगडणारी तिशीतील बाई, मधुमेह, मोतीबिंदू, आणि आपल्याकडे तर दबून बसलेला क्षयही उफाळतो. या दोन्ही प्रयोगांतील रुग्ण थोडे होते आणि पाठपुरावाही फार लांबचा नव्हता. म्हणूनच आजच्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात की लक्षणे नसताना, फक्त रक्तातील खुणांसाठी उपचार वाढवू नयेत, परंतु अशा रुग्णावर नजर अधिक बारकाईने ठेवावी. टोरांटोच्या ल्युपस चिकित्सालयाने तर वर्षानुवर्षे प्रतिपिंडे चढलेली, सी३ उतरलेले आणि तरी प्रकृती ठणठणीत असे रुग्ण पाहून त्यांचा वेगळा गटच नोंदवला आहे. वेधशाळेने मुसळधार पावसाचा इशारा दिला तर आपण छत्री बरोबर घेतो, घर सोडून जात नाही; या आकड्याचे मोल तेवढेच आहे, पण छत्री विसरू नये इतके निश्चित आहे.

आपल्या पत्नीच्या बाबतीत तीन गोष्टी इशारा गंभीर करतात: पूर्वी चौथ्या वर्गाचा नेफ्रायटिस झालेला आहे, प्रतिपिंडे तिपटीने चढली आहेत, आणि त्याच वेळी सी३ उतरले आहे. यांपैकी एकच असते तर मी तीन महिन्यांनी तपासा म्हटले असते. तिन्ही एकत्र असल्यामुळे पुढील तीन-चार महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीतील प्रथिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारा टाकाऊ घटक) यांचे गुणोत्तर, लघवीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि रक्तदाब एवढे पाहावे. गुणोत्तर ०.५ च्या वर गेले आणि पुन्हा तपासूनही तिथेच राहिले, तर पुन्हा बायॉप्सीचा विचार करावा लागतो. लघवीचा नमुना पाळीच्या दिवसांत देऊ नये, कारण त्या रक्तामुळे अहवाल फसवा येतो, आणि तो ताजा तपासला जावा. मूत्रपिंडाच्या दाहाची खरी साक्ष देणारे लाल पेशींचे साचे, म्हणजे कास्ट, नमुना तासन्‌तास पडून राहिला की विरघळून जातात. घरातल्या पिशवीत ठेवलेली बाटली दुपारी प्रयोगशाळेत पोहोचली तर ती तपासणी न केल्यासारखीच.

आणखी एक विचारावेसे वाटते, रागावू नये: गोळ्या रोज घेतल्या जात आहेत ना? आकडा अचानक चढण्याचे एक कारण चुकवलेल्या गोळ्या हे असते, आणि प्रकृती उत्तम असताना त्या चुकणे अगदी स्वाभाविक आहे.

दर सहा महिन्यांनी आम्ही ‘एएनए प्रोफाइल’ करतो. मागच्या वेळी तीन अधिक चिन्हे होती, या वेळी दोन आहेत. आजार कमी झाला असे समजावे का? — एक वाचक, सोलापूर

तसे समजू नये. एएनए ही पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची, ल्युपस आहे की नाही हे शोधण्यासाठीची तपासणी आहे. ती जवळजवळ प्रत्येक ल्युपस रुग्णात सकारात्मक येते आणि आजार शांत झाल्यावरही तशीच राहते. प्रोफाइलच्या पट्टीवरील अधिक चिन्हे ही पट्टीच्या रंगाची गडदता सांगतात, प्रतिपिंडांचे मोजमाप नव्हे. निदान एकदा पक्के झाले की ही तपासणी पुन्हापुन्हा करण्याचे कारण उरत नाही. तोच पैसा लघवीची तपासणी, क्रिएटिनिन, सी३, सी४ आणि मोजून दिलेला अँटी-डीएसडीएनए यांवर खर्च करावा.

एका प्रयोगशाळेत अँटी-डीएसडीएनए २८५ आला. खात्रीसाठी आठ दिवसांनी दुसरीकडे केला तर ४८ आला आणि खाली ‘क्रिथिडिया निगेटिव्ह’ असे लिहिले होते. कोणती प्रयोगशाळा चुकली? — एक वाचक, सांगली

बहुधा कोणतीच नाही. एकाच नावाने ओळखली जाणारी ही तपासणी किमान तीन वेगळ्या पद्धतींनी होते. सर्वांत जुनी, ‘फार’ (Farr) नावाची पद्धत किरणोत्सारी डीएनए वापरते आणि घट्ट चिकटणारी प्रतिपिंडेच मोजते. वर उल्लेखलेल्या ग्रोनिंगेनच्या अभ्यासात तीच वापरली होती, आणि आता ती फारच थोड्या ठिकाणी उरली आहे. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा एलायझा किंवा तत्सम यंत्रपद्धत वापरतात, जी सैल चिकटणारी प्रतिपिंडेही टिपते, त्यामुळे आकडे मोठे येतात आणि त्यांतील काही निरर्थकही असतात. तिसरी पद्धत क्रिथिडिया ल्युसिली या एकपेशीय जीवावर चालते. कीटकाच्या आतड्यात राहणाऱ्या या जीवाच्या पेशीत केंद्रकाखेरीज कायनेटोप्लास्ट नावाचा एक ठिपका असतो, ज्यात दुपेडी डीएनए गच्च भरलेले असते. रुग्णाच्या रक्तात खरी अँटी-डीएसडीएनए प्रतिपिंडे असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली तो ठिपका हिरवा चमकतो. ही तपासणी क्वचितच फसवते, पण कमी प्रमाणातील प्रतिपिंडे तिच्या नजरेतून सुटतात.

म्हणून २८५ आणि ४८ यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही; एककाचे नाव एकच छापलेले असले तरीही नाही. एक प्रयोगशाळा आणि एक पद्धत ठरवावी आणि पुढील वर्षे तिथेच तपासावे. प्रयोगशाळा बदलावीच लागली, तर पहिल्या अहवालाला नवी सुरुवात मानावे. माझ्या पाहण्यात तर एकाच प्रयोगशाळेने मध्येच किट बदलल्यामुळेही रुग्णांची झोप उडाली आहे. अहवालाच्या तळाशी पद्धतीचे नाव बारीक अक्षरात असते, ते दर वेळी वाचावे.

माझ्या बहिणीचा अँटी-डीएसडीएनए २४० वरून ९० वर आला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पंधरा दिवसांत पाय सुजले, लघवी फेसाळ झाली आणि प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २.१ आले. मग ही तपासणी काय कामाची? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आपला वैताग समजतो, पण आपण वर्णन केलेली घटना ओळखीची आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ल्युपस पथकाने ५३ रुग्णांना वर्षभर दरमहा तपासून २००१ मध्ये नेमके हेच नोंदवले: उसळीच्या आधी प्रतिपिंडे चढतात आणि प्रत्यक्ष उसळीच्या वेळी ती खाली येऊ शकतात. याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की रक्तात फिरणारी प्रतिपिंडे त्या वेळी मूत्रपिंडात जाऊन बसलेली असतात, आणि सुईने आपण रक्त काढतो, मूत्रपिंड नव्हे. शिवाय लघवीतून प्रथिने वाहून जाऊ लागली की त्यांच्याबरोबर प्रतिपिंडेही थोडीफार निघून जातात.

आकडा उपचारांनी हळूहळू, काही महिन्यांत, सी३ चढत असताना उतरला तर आनंद मानावा. उपचारांत काही बदल नसताना तो एकाएकी कोसळला आणि सी३ मात्र खालीच राहिले, तर त्याच आठवड्यात लघवी तपासावी. आपल्या बहिणीच्या अहवालात सी३ काय होते ते आपण लिहिलेले नाही. ते जुने कागद काढून पाहावे आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना दाखवावे. सध्या मात्र त्याहून तातडीचे काम बायॉप्सीचे आहे, ते लांबवू नये.

अँटी-सी१क्यू नावाची तपासणी मूत्रपिंडांची उसळी आधीच ओळखते असे वाचले. आमच्या डॉक्टरांनी ती कधीच सांगितली नाही. स्वखर्चाने करून घ्यावी का? — एक वाचिका, पुणे

या तपासणीविषयी मला आदर आहे, पण तिच्याकडून जी अपेक्षा धरली जाते तिच्या नेमक्या उलट कामासाठी. सी१क्यू हा कॉम्प्लिमेंटच्या साखळीतला अगदी पहिला दुवा. प्रतिपिंडांच्या पुंजक्यांना आणि मेलेल्या पेशींच्या कचऱ्याला चिकटून तो त्यांची विल्हेवाट लावण्यास मदत करतो. ल्युपसच्या काही रुग्णांत याच सी१क्यूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि मूत्रपिंडाचा सक्रिय दाह असलेल्यांत ती विशेष करून आढळतात. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००६ मध्ये बायॉप्सीने सिद्ध झालेल्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा गाळणीतील पेशी वाढवणाऱ्या, म्हणजे प्रोलिफरेटिव्ह, दाहाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांत ती सापडली. मूत्रपिंडाचा सक्रिय दाह नसलेल्या ल्युपस रुग्णांत हे प्रमाण साधारण एक-तृतीयांश होते.

त्या एक-तृतीयांशाकडे लक्ष द्यावे. त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत आणि मूत्रपिंडे ठीक आहेत. नेदरलँड्समधील लायडनच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याचा उलगडा होतो: नुसती अँटी-सी१क्यू प्रतिपिंडे टोचली तर मूत्रपिंडाचे फारसे बिघडत नाही, पण गाळणीत आधीच दुसऱ्या प्रतिपिंडांचे पुंजके बसलेले असतील तर तीच प्रतिपिंडे दाह कित्येक पटींनी भडकवतात. म्हणजे आग लावणारे कोणी दुसरे असते आणि ही त्यात तेल ओततात. यामुळेच अँटी-सी१क्यू आणि अँटी-डीएसडीएनए दोन्ही चढलेली असणे हे एकच चढलेले असण्यापेक्षा अधिक काळजीचे मानले जाते. तपासणी सकारात्मक आली म्हणजे उसळी येणारच असे मात्र ठरत नाही. निरोगी माणसांतही, विशेषतः उतारवयात, ही प्रतिपिंडे थोड्याफार प्रमाणात सापडतात, आणि अंगावर गांधी उठवणाऱ्या एका दुर्मिळ रक्तवाहिनीदाहात तर ती हमखास असतात.

तिचे खरे बळ नकारार्थी निकालात आहे. प्रोलिफरेटिव्ह दाह सक्रिय असताना ही प्रतिपिंडे बहुधा असतातच, त्यामुळे ती नसतील तर तसा दाह सध्या असण्याची शक्यता बरीच कमी होते. बहुधा म्हणतो, कारण पुढील अभ्यासांत अपवाद सापडले आहेत आणि सुरुवातीचा झगमगाट थोडा उतरला आहे. इटलीतील मिलानच्या डॉक्टरांनी नेफ्रायटिसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे तपासून मूत्रपिंडांच्या उसळीची खूण म्हणून अँटी-सी१क्यूला सी३, सी४ आणि अँटी-डीएसडीएनए यांच्या वरचे स्थान दिले, पण एकट्या कोणत्याच खुणेवर विसंबता येईल असा तो निकाल नव्हता.

तपासणी करायची झालीच तर ती कशी होते हेही माहीत असावे. सी१क्यूचा स्वभावच प्रतिपिंडांना पकडण्याचा असल्यामुळे साध्या पद्धतीत तो रक्तातील कोणत्याही पुंजक्याला चिकटतो आणि निकाल खोटा सकारात्मक येतो. तो सैल चिकटा सोडवण्यासाठी नमुना तीव्र मिठाच्या द्रावणात तपासला जातो. हे काम रोज करणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या आहेत आणि खर्चही कमी नाही. माझे मत असे की ज्यांचा अँटी-डीएसडीएनए सतत चढलेला असतो, लघवी सतत स्वच्छ असते आणि पूर्वी नेफ्रायटिस होऊन गेलेला असतो, अशांना एकदा ही तपासणी उपयोगी पडू शकते, कारण ती नकारार्थी आली तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही थोडी उसंत मिळते. ज्या घरात अजून दर तीन महिन्यांची लघवीची तपासणीच नियमित होत नाही, त्या घरात मात्र हे पैसे वाया गेले असे मी म्हणेन. मूत्रपिंडातील दाहाच्या पेशींनी सोडलेले सीडी१६३ नावाचे प्रथिन थेट लघवीतच मोजण्याचेही काम चालू आहे. मला त्याकडून अधिक आशा आहे, कारण तो नमुना जिथे बिघाड आहे तिथूनच येतो.

माझ्या मुलीचे वय १९ आहे. पायांवर सूज आहे, चोवीस तासांच्या लघवीत ३.८ ग्रॅम प्रथिने आहेत. परंतु अँटी-डीएसडीएनए नाही आणि सी३, सी४ दोन्ही व्यवस्थित आहेत. मग बायॉप्सी टाळता येईल ना? पाठीत सुई घालायची म्हटल्यावर आजी रडू लागली आहे. — एक आई, फोंडा, गोवा

टाळता येणार नाही. ल्युपसचा पाचवा वर्ग, ज्यात गाळणीचा पडदा जाड होतो आणि प्रथिने धो-धो गळतात, तो अनेकदा याच रूपात येतो: सूज भरपूर, लघवीत प्रथिने भरपूर आणि रक्तातील खुणा जवळजवळ निर्दोष. रक्ताचा चांगला अहवाल लघवीच्या वाईट अहवालाला खोडून काढू शकत नाही. पाचवा वर्ग एकटा आहे की त्याच्याबरोबर तिसरा किंवा चौथा वर्गही आहे, यावर औषधांची निवड ठरते, आणि ते बायॉप्सीशिवाय कळण्याची सोय आज तरी नाही. शिवाय इतकी प्रथिने गळत असताना शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हेही थांबू नये याचे एक कारण. आजींना सांगावे की जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई घातली जाते, मुलगी त्या दिवशी पडून राहील आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात. एक-दोनदा लालसर लघवी होऊ शकते. तिने घाबरू नये, पण डॉक्टरांना मात्र सांगावे.

मला दोन वर्षांपूर्वी नेफ्रायटिस झाला होता, आता सर्व शांत आहे. आम्हांला मूल हवे आहे. कोणते आकडे कसे असले म्हणजे पुढे जावे? — एक वाचिका, कोल्हापूर

पहिली अट आकड्यांची नाही, वेळेची आहे: मूत्रपिंडे किमान सहा महिने शांत असावीत. मायकोफेनोलेट चालू असेल तर ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून त्याजागी ॲझाथायोप्रिन घ्यावे लागते, कारण मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. आणि बदललेल्या औषधावर आजार शांत राहतो की नाही हे काही महिने पाहूनच पुढे जावे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणभर चालू ठेवावे.

अँटी-डीएसडीएनए चढलेला आणि सी३ उतरलेला असताना दिवस राहिले तर उसळीची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता वाढते, म्हणून या दोन खुणा आधी आणि नंतर दर तिमाहीत पाहाव्यात. इथे एक खाचखळगा आहे. निरोगी गरोदर स्त्रीच्या यकृतात सी३ आणि सी४ नेहमीपेक्षा जास्त तयार होतात, त्यामुळे अहवालातील ‘नॉर्मल’ हा शब्द गरोदरपणात पुरेसा नसतो. सी३ पहिल्या तिमाहीत ११० असून पुढे ते ९२ झाले, तर छापील मर्यादेत असूनही ती घसरणच समजावी. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने वाढली तर ते गरोदरपणाचे प्री-एक्लॅम्प्सिया आहे की ल्युपसची उसळी, हा प्रश्न उभा राहतो. प्रतिपिंडे चढणे, कॉम्प्लिमेंट घसरणे आणि लघवीत लाल पेशी दिसणे हे ल्युपसकडे बोट दाखवते. हा फरक महत्त्वाचा, कारण एकात बाळंतपण हा उपाय आहे आणि दुसऱ्यात औषध. अँटी-आरओ आणि फॉस्फोलिपिडविरुद्धची प्रतिपिंडे यांची तपासणी दिवस राहण्याआधीच एकदा करून घ्यावी. पहिलीमुळे बाळाच्या हृदयाची गती मंदावू शकते आणि दुसऱ्यांमुळे गर्भपात होऊ शकतो, आणि दोन्हींसाठी आगाऊ तयारी करता येते. कमी मात्रेची ॲस्पिरिन कधी सुरू करायची तेही तेव्हाच ठरते.

आपल्यासारख्या स्त्रियांसाठी एक आश्वासक आकडा: उत्तर अमेरिकेत ल्युपस शांत किंवा सौम्य असताना दिवस राहिलेल्या ३८५ स्त्रियांच्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, ८१ टक्के गर्भारपणे निर्विघ्न पार पडली.

दीड वर्ष अँटी-डीएसडीएनए निगेटिव्ह आहे, सी३ व सी४ उत्तम आहेत. आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद केली तर चालेल का? डोळ्यांवर परिणाम होतो असे ऐकते. — एक वाचिका, ठाणे

बंद करू नये. आकडे चांगले आहेत त्याचे श्रेय बऱ्याच अंशी याच गोळीला असण्याची शक्यता आहे. कॅनडात १९९१ मध्ये स्थिर प्रकृतीच्या ४७ रुग्णांवर हा प्रश्न तपासला गेला. निम्म्यांची गोळी चालू ठेवली आणि निम्म्यांना गुपचूप पोकळ गोळी दिली. सहा महिन्यांत गोळी सुटलेल्यांत उसळीचे प्रमाण सुमारे अडीच पट निघाले. डोळ्यांच्या पडद्याचा धोका खरा आहे, पण तो मात्रेशी आणि वर्षांशी बांधलेला आहे. रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडे पडद्याची ओसीटी तपासणी करावी, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर ती वार्षिक तपासणी आधीच सुरू करावी. वजन घटले असेल तर मात्रा पुन्हा मोजून घ्यावी. २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या ८० किलोच्या व्यक्तीला चालतात, ५५ किलोच्या व्यक्तीला त्या जास्त होतात.